दुसरी वेलांटी

मित्रांनो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी एक जुनी पिवळी पाटी आहे आणि माझ्या पोटावर शुद्धलेखनाची चूक आहे. 'थांबा! फरशी ओलि आहे.' ओलीला पहिली वेलांटी! कारखान्यातून मी अगदी कोरी निघाले होते. दोन फळ्या आणि वर बिजागरी, एवढाच माझा संसार. उघडली की उभी राहते, मिटली की भिंतीला टेकते. पुढे एका रंगाऱ्याने जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत माझ्यावर लाल अक्षरं काढली. त्याला भूक लागली होती आणि मला जन्माचा डाग लागला.

मला ज्या इस्पितळात आणलं, तिथे मनाच्या आजारांच्या वॉर्डात माझी नेमणूक झाली. लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला जेवणाची खोली. तुम्ही म्हणाल, मनाच्या आजाराचा आणि घसरून पडण्याचा काय संबंध? मलाही आधी तसंच वाटायचं. पण तिथली काही औषधं अशी, की माणूस झटकन उठला तर डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणाचे पाय जड झालेले असतात, कुणी दिवसभर फेऱ्या घालून दमलेलं असतं, कुणाच्या सपाता सैल. म्हणून वॉर्डच्या मोठ्या सिस्टर प्रत्येकाकडून एकच पाठ घोकून घ्यायच्या, "आधी बसा, पाय खाली सोडा, दहापर्यंत मोजा, मग उभे राहा."

फरशी पुसणाऱ्या मावशी माझ्या मालकीण. खोलीपुढे पोछा मारला की म्हणायच्या, "चल गं भवाने, राहा उभी." मी उभी राहायचे. दहा मिनिटांनी मावशी खाली वाकून फरशीला तळवा लावायच्या आणि कोरडी लागली की मला काखेत मारून पुढच्या खोलीकडे निघायच्या. मी दिसले की लोक थबकायचे, भिंतीचा कठडा धरायचे. पहिल्या वर्षी त्या वॉर्डात एकही माणूस पडलं नाही. मोठ्या सिस्टरांनी माझ्या डोक्यावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "ही उभी असली की माझी निम्मी काळजी मिटते." ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. दुसरं कौतुक वाट्याला आलंच नाही, मग जपणार काय?

कारण वर्षं गेली तशी माणसांना माझी सवय झाली. रोज मरे त्याला कोण रडे! लोक मला वळसा घालून जात, पण माझ्याकडे बघत नसत. माझ्यावर ओली फडकी वाळत पडू लागली. दिवसभर माणसांच्या गर्दीत उभं राहायचं आणि कुणी एक अक्षर वाचायचं नाही, याच्यासारखं एकटेपण नाही.

आणि मग एके सकाळी वॉर्डात नव्यानेच दाखल झालेल्या एक बारीकशा बाई माझ्यासमोर येऊन थांबल्या. चष्मा वर केला, मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "दुसरी वेलांटी हवी."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! या बाईंनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. बोलायच्या कमी, पण चूक दिसली की राहवायचं नाही. औषधाच्या चिठ्ठीवर, जेवणाच्या फळ्यावर, सगळीकडे त्यांचं बोट. वॉर्डाने त्यांचं नावच वेलांटीबाई ठेवलं. माझ्यावर 'थांबा' लिहिलंय म्हणून त्या खरोखर थांबायच्या. मावशी ओरडायच्या, "वाळली हो, या आता!" तरी मी उचलली गेले की मगच पाऊल टाकायच्या.

बाईंना घरी जायचं होतं. धाकटी बहीण न्यायला तयार होती, पण ती तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि तिथे लिफ्ट नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "पायांत ताकद आली, जिने चढता आले, की खुशाल जा." म्हणून बाई सकाळ-संध्याकाळ कठडा धरून पॅसेजच्या वीस-वीस फेऱ्या मारायच्या. येत्या रविवारी बहीण येणार होती. पिशवी भरून खाटेखाली तयार होती.

नेमक्या त्याच आठवड्यात मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या आणि बदलीवर एक काका आले. माणूस वाईट नव्हता, पण अंगावर काही यायला नको, हा त्यांचा खाक्या. बुधवारी त्यांनी बाईंच्या दारापुढची फरशी पुसली, दारातच मला उभं केलं आणि निघाले. कुणीतरी म्हणालं, "काका, पाटी राहिली." काका म्हणाले, "असू दे की! तिला काय चारा-पाणी लागतंय? उद्या कुणी पडलं तर आपल्याला बोल नको."

फरशी दहा मिनिटांत वाळली. मी चार दिवस तिथेच उभी राहिले.

बाई खाटेवर बसून मला वाचत राहिल्या. मोरी खोलीतच होती, जेवायला आल्या नाहीत म्हणून ताट खोलीत येऊ लागलं. एका सिस्टरने विचारलं, "बाई, फेऱ्या का बंद?"

"फरशी ओली आहे ना अजून."

सिस्टरने खाली पाहिलं. फरशी खडखडीत कोरडी. तिने काळजीने हे वॉर्डच्या तरुण डॉक्टरांना सांगितलं. त्यांनीही येऊन विचारलं, तेच उत्तर मिळालं. नसलेलं पाणी बाईंना दिसतंय, आजार पुन्हा उचल खातोय, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी औषध वाढवलं. सगळे माझ्या शेजारी उभे राहून बोलत होते. डॉक्टरांचा तर हात माझ्या डोक्यावर होता. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती, अहो, तिला पाणी दिसत नाहीये, मी दिसतेय!

रविवार उजाडला. पॅसेजच्या टोकाकडून हाक आली, "ताई, झालं का गं आवरून?"

बाई आनंदाने झटकन उठल्या. दहापर्यंत मोजायचं राहून गेलं. चार दिवस न हललेले पाय, वर वाढलेलं औषध. दारापर्यंत आल्या, मला पाहून सवयीने थांबल्या, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी आधाराला हात पुढे केला, तो माझ्याकडे. मित्रांनो, माझ्यात धरण्यासारखं काहीच नाही. मी मिटले आणि त्यांच्यासकट खाली गेले.

उजवं मनगट मोडलं. लिहायचा हात.

माणसं धावली. मोठ्या सिस्टर गुडघ्यांवर बसल्या. बाई कण्हत म्हणाल्या, "सांगत होते ना मी, ओली आहे म्हणून."

डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. तेवढ्यात धाकट्या बहिणीने बाईंच्या कुशीखालून मला ओढून काढलं आणि वाचलं. "अहो, ती पाटी वाचतेय!" ती रडतच म्हणाली. "जन्मभर छापलेलंच खरं मानत आलीय ती. आणि तुम्ही तिला वेडी ठरवताय?"

मोठ्या सिस्टरांनी फरशीला तळवा लावला, अगदी मावशी लावायच्या तसा. मग हळूच म्हणाल्या, "चार दिवस तिला विचारत होतो आम्ही. पाटी कुणी वाचलीच नाही."

वाढवलेलं औषध कमी झालं. जो पाटी ठेवेल त्यानेच ती उचलायची, असा नियम झाला. मावशी परत आल्या आणि बाईंना धरून पहिल्यापासून फेऱ्या सुरू झाल्या. जी पिशवी त्या रविवारी जायची, ती आणखी दोन महिने खाटेखाली राहिली.

जायच्या दिवशी बाई स्वतःच्या पायांनी माझ्यापाशी आल्या. सिस्टरांकडून जाड पेन मागून घेतलं. उजवा हात अजून धड चालत नव्हता, म्हणून डाव्या हाताने, वाकडीतिकडी का होईना, दुसरी वेलांटी काढली. खाली लिहिलं, 'वाळली की मला उचला.' मग बहिणीचा हात धरून गेल्या. मागे वळून पाहिलं नाही, आणि तेच बरं झालं.

आता माझी बिजागरी तुटली आहे. मी जिन्याखाली भिंतीला टेकून असते. जागेवर नवी पाटी आली आहे, घसरणाऱ्या माणसाचं चित्र असलेली. तिच्यावर अक्षर नाही, त्यामुळे चूकही नाही. रोजच्या फिनेलने बाईंची वेलांटी पुसली गेली, खालची ओळही गेली. रंगाऱ्याचा रंग तेवढा पक्का निघाला. मी पुन्हा 'ओलि' झाले आहे.

म्हणून बाईंची ती ओळ मीच तुम्हाला सांगते, मित्रांनो. फरशी पुसलीत की पाटी ठेवा आणि वाळली की उचला. आणि जे माणूस जागचं हलत नाही, त्याच्या खाटेवर क्षणभर बसा आणि तिथून काय दिसतं ते बघा. एवढ्या वर्षांत मला मनापासून वाचणारं एकच माणूस भेटलं, आणि त्यालाच मी चार दिवस खोटं सांगत उभी होते.