भांडण मिटवायची ड्युटी

मुलुंडच्या माजी सैनिक मंडळात जयंती परुळेकरांचा शब्द म्हणजे हुकूम. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त कर्नल होते खरे, पण ते सह्या करत आणि चहा गोड झाला की तक्रार करत. कुणाची पेन्शन अडली, कुणाला हॉस्पिटलात न्यायचं असलं, कुणाच्या नातवाला सैनिकी शाळेच्या परीक्षेला बसवायचं असलं की माणसं सरळ जयंतीबाईंना गाठत. त्यांचे यजमान सुभेदार होते. ते गेल्यावर बाईंनी पदर खोचून मंडळात जो पाय ठेवला, तो अजून मागे घेतलेला नाही.

मंडळाच्या भाषेत मदत लागणारा माणूस म्हणजे ‘केस’. त्यातल्या दोन केसेसनी मात्र बाईंच्या नाकी नऊ आणले.

एक मधुकर धुरी. पलटणीतले हवालदार, मूळचे मालवणकडचे. बायको गेल्यापासून दाराला आतून कडी, दूधवाल्याशीसुद्धा बोलणं बंद. दुसरे चंद्रप्रकाश टिपणीस. नौदलातून निवृत्त, मुलगा बंगळुरात, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं निमित्त करून घरात बसलेले, आठवडा आठवडा दाढी नाही. बाई दोघांकडे फळं घेऊन गेल्या. दोघांनी जणू ठरवून एकच उत्तर दिलं. “वहिनी, मी ठणठणीत आहे. खरंच गरज असेल त्याच्याकडे जा.”

बाई भडकल्या. पण उभा जन्म एका फौजी माणसाशी संसार केलेला. हा प्राणी मदत म्हणून दिलेला पाण्याचा पेलासुद्धा घेणार नाही, आणि ड्युटी लावली तर मात्र नाही म्हणणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्या धुरींच्या दाराशी उभ्या राहिल्या.

“भाऊजी, मागच्या गल्लीत नेव्हीचे एक टिपणीस राहतात. हालत वाईट आहे. फौजेत जवानाला जोडीला एक बडी असतो ना, तसं मंडळाने तुम्हाला त्यांचा बडी नेमलंय. रोज जायचं, नजर ठेवायची, मला रिपोर्ट द्यायचा. पण त्यांना कळता कामा नये.”

तिथून त्या टिपणिसांकडे गेल्या आणि नाव तेवढं बदलून हेच भाषण पुन्हा केलं. धुरी ताठ उभे राहिले. टिपणिसांनी तर बाईंची पाठ वळताच दाढी केली.

डाव जमला. रोज संध्याकाळी धुरी टिपणिसांकडे जात, कारण त्यांना बिचाऱ्या टिपणिसांची काळजी. टिपणीस त्यांना धरून ठेवत, कारण त्यांना बिचाऱ्या धुरींची काळजी. दोघांचे रिपोर्ट बाई गंभीर चेहऱ्याने ऐकत आणि घरी जाऊन पोट धरून हसत.

पुढे मात्र दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य जमलं. आज कॅरमवरून भांडण, उद्या रेडिओच्या आवाजावरून. बांगड्याच्या कालवणात तिरफळं किती घालायची यावरून तर दोनदा. मग बाईंना फोन यायचा आणि बाई निघायच्या. दोघांची बाजू ऐकून समजूत घालेपर्यंत जेवायची वेळ व्हायची, आणि मग ताट वाढलेलंच असायचं.

मंडळात त्या सगळ्यांना ऐकवत, “या दोन म्हाताऱ्यांनी माझी वाट लावलीय.” पण खरं सांगायचं तर फोन आला की त्यांचं मन हलकं व्हायचं. लेक गंधाली नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेल्यापासून घरी जायला त्यांना नको वाटे. मूठभर भात लावायचा, टीव्हीतल्या माणसांसमोर बसून तो संपवायचा. मंडळात शंभर जणांची चौकशी करणाऱ्या बाईंना हे कुणाला सांगायचं तरी कसं! आणि त्याहून मोठी भीती पोटात होती. एखाद्या दिवशी हे दोघं खरोखर तुटले, तर दोन दारं पुन्हा बंद होतील. आणि तिसरं बाईंचं.

म्हणून त्या रविवारी सकाळी धुरींचा फोन आला तेव्हा त्या ऐकता ऐकताच उभ्या राहिल्या.

“वहिनी, ह्या माणसाचा तोंड मी परत बघूचंय नाय! आज दुपारी येऊन काय तो निकाल लावा.”

“अहो पण झालं काय?”

“ता फोनवर सांगण्यासारख्या नाय!” फोन बंद.

फोनवर सांगण्यासारखं नाही! बाईंना दुपारपर्यंत धीर कुठला? त्यांनी चपला घातल्या, रिक्षा पकडली आणि टिपणिसांच्या बिल्डिंगचे दोन जिने धापा टाकत चढल्या. आतलं दार उघडं होतं, जाळीचं तेवढं लावलेलं. स्वयंपाकघरातून मासे तळल्याचा वास येत होता. बाई बेलवर बोट ठेवणार, तोच आतून आवाज आला.

“कॅरम झाला, रेडिओ झाला, तिरफळं दोनदा झाली,” टिपणीस म्हणत होते. “आता नवीन काय?”

“मी तुझ्या जहाजाक होडी म्हटलंय, असा सांगूया.”

“ते तू रोजच म्हणतोस रे. त्यावरून तोंड न बघण्याइतकं भांडण होतं का? आणि मागच्या वेळी तू हसत होतास. वहिनीला कळलं असतं, म्हणजे झालंच.”

बाईंचं बोट हवेतच राहिलं.

“सरळ जेवूक बोलावलंव तर काय बिघाडता?” धुरींनी विचारलं.

“गणपतीत बोलावलं होतं ना! काय म्हणाली? मंडळाचं काम आहे. कसलं काम! मी औषध आणायला उतरलो तर ही बाई ब्रेडचा पुडा घेऊन एकटी घरी चालली होती. लेक गेल्यापासून धड जेवत नाही. मदत म्हटलं की अंगावर येईल. भांडण मिटवणं ही तिची ड्युटी आहे, म्हणून येते.”

“तुका बरा सुचला ह्या.”

“मला कसलं? तिचीच युक्ती. तू पहिल्याच दिवशी आत आलास आणि मी गोळ्या घेतल्या का विचारलंस. मी तुला तेच विचारणार होतो. तेव्हाच ओळखलं.”

“माका दुसऱ्या दिवशी कळला,” धुरींनी प्रामाणिकपणे कबूल केलं. “बांगडे परतव, करपतले. वहिनीचे जरा कमी तिखट ठेव.”

बाहेर जयंतीबाईंना आधी संताप आला. दार धाडकन उघडून दोघांना फैलावर घ्यावं, असं वाटलं. मग लाज वाटली. इतक्या वर्षांत त्यांनी किती केसेस सांभाळल्या, आणि आज कळत होतं की त्या स्वतःच एक केस आहेत, दोन माणसांनी वाटून घेतलेली. आणि मग एकदम रडू आलं. आपण जेवलो की नाही, याचा हिशेब कुणीतरी ठेवतंय, हे कळल्यावर जे येतं ते रडू. जाळीच्या दारासमोर उभं राहून पदर डोळ्याला लावणं काही बरं दिसेना, म्हणून त्या आवाज न करता जिना उतरल्या.

खाली उतरून त्यांनी नाक पुसलं. आत्ता रिक्षा केली असती तर थेट घर होतं आणि घरी भाताचा कुकर. त्या क्षणभर रिक्षांकडे बघत राहिल्या.

मग पुन्हा जिना चढल्या, या वेळी पाय आपटत, खोकत, शेजारणीची मुद्दाम मोठ्याने विचारपूस करत, आणि बेल दाबली.

आत भांड्यांचा खडखडाट झाला आणि पाठोपाठ टिपणीस गरजले, “होडी? माझ्या जहाजाला होडी?”

“होडी नाय तर काय! तुझ्या जहाजात शिरला तर पाणीच शिरला!”

“गप्प बसा दोघंही!” बाई आत शिरल्या त्या अशा, की कर्नलसाहेबसुद्धा उठून उभे राहिले असते. “शोभतं का हे या वयात? भाऊजी, हसताय काय? भांडताना कुणी हसतं का?”

धुरींनी घाईघाईने चेहरा लांब केला.

बाईंनी खुर्ची ओढली आणि चौकशी सुरू केली. जहाज म्हणजे काय, होडी म्हणजे काय, अपमान नेमका कितीचा झाला. टिपणिसांनी बाजू मांडली, धुरींनी आपली मांडली. मग ताटं आली. बाईंनी दोन बांगडे खाल्ले, तिसरा मागून घेतला आणि वर भात घेतला. दोघं म्हातारे आपलं जेवण विसरून त्यांच्या ताटाकडे बघत होते.

हात धुऊन त्या निघाल्या तेव्हा टिपणिसांनी विचारलं, “मग वहिनी, निकाल?”

“निकाल?” चपलेत पाय घालता घालता बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “इतकं सोपं वाटलं का? प्रकरण फार गंभीर आहे. मी उद्या परत येते.”

धुरी आणि टिपणिसांनी एकमेकांकडे बघितलं.

“उद्या तरी मिटात ना?” धुरींनी हळूच विचारलं.

“छे,” जयंतीबाई म्हणाल्या, “हे वर्षभर तरी मिटत नाही.”