कियारीचा धुरळा

"दिवे बंद कर, गुलामा. सूर्याला उजेड दाखवतोस होय?" मागच्या बाकावरून ताको म्हणाली.

"तू आपलं दही सांभाळ, बटके. धुरळ्यात दिवे लावावे लागतात. गाईच्या शेपटामागे चालणाऱ्यांना रस्त्यातलं काय कळतंय?"

वडापच्या गाडीतले सगळे प्रवासी हसले. गाडी चालवणारा म्हातारा कियारी कानुरी, ताको गुरं पाळणाऱ्या फुलानींतली. या दोन जमातींत पूर्वापार थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, वाटेल ते बोलायचं, आणि जो रागावेल तो हरला. दर गुरुवारी ताको वाळक्या पोकळ भोपळ्यात दही घेऊन दामबिरीहून झिंदेरच्या बाजाराला निघे आणि वाटभर कियारीची सालटी काढी. तिच्या नवऱ्याच्या मयतीलासुद्धा कियारीने तिला टोमणा मारून हसवलं होतं.

यंदा मात्र हर्मटन हटायचं नाव घेत नव्हता. थंडी पडली की हा वारा वाळवंटाकडून सुटतो, आकाश राखेच्या रंगाचं होतं, ओठ फुटतात, घरोघरी खोकला लागतो. ऊन तापलं की निवळतो. आता गाडीचा पत्रा हाताला पोळत होता, तरी काचेपलीकडचं पिठाळ पटल काही हलत नव्हतं. कियारीने परत एकदा फडक्याने काच पुसली.

"अजून आहे ना रे धुरळा?" त्याने शेजारी बसलेल्या सानीला विचारलं. सानी झिंदेरला ट्रकवर ड्रायव्हर होता. सुट्टी संपवून कामावर चालला होता.

"आहे, अल्हाजी," सानी मान खाली घालून म्हणाला. हज करून आलेल्या कियारीला सगळे अल्हाजीच म्हणत. नाकातोंडावर गुंडाळायचं फडकं त्याने केव्हाच गळ्यात सोडलं होतं. पण ज्या माणसाने आपल्या बापाला, आपल्याला, लग्न करून आणलेल्या बायकोलाही याच गाडीतून आणलं, त्याला तोंडावर काय सांगणार? गाडीतल्या एकाचीही जीभ रेटली नसती.

नाक्यावर पोलिसांनी रस्त्यावर दोरी बांधलेली असते, तिला रंगीत चिंध्या लटकवलेल्या. त्या चिंध्या फटाफट काचेवर आपटल्या तेव्हा कियारीने ब्रेक दाबला. दोरी तुटली होती. गाडी थांबली ती शेंगदाणे विकणाऱ्या बाईच्या पुढ्यात. बाई उठून मागे पळाली होती. टोपली चाकाखाली गेली होती.

पोलीस धावत आला. "अल्हाजी, दोरी दिसली नाही?"

"धुरळा आहे, साहेब."

पोलिसाने आकाशाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. "हं. आहे थोडा," तो म्हणाला, आणि सांडलेले दाणे गोळा करू लागला.

कियारीने गाडी पुन्हा चालू करायला किल्लीला हात घातला. तेवढ्यात मागचं दार उघडलं. ताको उतरली आणि वळसा घालून त्याच्या खिडकीशी आली. आता ही काहीतरी झणझणीत बोलणार म्हणून त्यानेही मनात उत्तर जुळवून ठेवलं. पण ती रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसली, थोरामोठ्यांपुढे बसतात तशी.

"कियारीदादा," ती म्हणाली. "आकाश स्वच्छ आहे. महिना होऊन गेला."

"मस्करी करतेस."

"नाही, दादा."

आजवर तिने त्याला आंधळा, बहिरा, म्हातारा बोकड असं शंभरदा म्हटलं होतं, आणि त्यातलं एकही त्याला कधी लागलं नव्हतं. त्याने किल्लीवरचा हात काढून घेतला.

"शिवी दे," तो हळू म्हणाला. "एकदा गुलाम म्हण, ताको."

तिने मान वर केली नाही. "झिंदेरला डोळ्यांचा दवाखाना आहे. मी येते बरोबर. दह्याचं काय, नासलं तर नासलं."

कियारीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. त्याला त्या शेंगदाणेवालीचा आवाज ऐकू येत होता. ती कुणाला तरी सांगत होती की मला काही झालं नाही, टोपली जुनीच होती. त्याला फार लाज वाटली.

मग त्याने चाचपडत बटण शोधलं आणि दिवे बंद केले. किल्ली काढून सानीच्या हातात दिली.

"दुसरा गिअर अडकतो. जोर लावू नकोस, समजूत घाल त्याची."

"हो, अल्हाजी."

आपल्याच गाडीच्या मागच्या बाकावर तो पहिल्यांदाच बसला. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. इतकी वर्षं लोक इथे असे अवघडून बसत होते, हे त्याला आज कळलं. गाडी चालू झाली. उजवीकडे कुठेतरी काळ्या दगडांचा डोंगर यायला हवा होता.

"डोंगर दिसतोय?" त्याने विचारलं.

"दिसतोय." ताको म्हणाली. "वर शेळ्या चरतायत, त्याही दिसतायत."

"किती?"

तिने पायाशी ठेवलेला भोपळा उचलला.

"तुझ्या तोंडात उरलेत त्या दातांपेक्षा जास्त. सरक आता, गुलामा. भोपळा कुठे ठेवू मी?"

कियारी हसला. डोळे पुसून तो सरकला, आणि तिचा भोपळा त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला.