चुकीच्या खोलीतले चित्र

मित्रांनो, माझ्या उजव्या बाजूचा पत्रा चार बोटे आत दबलेला आहे. तो घाव सब्बलीचा, म्हणजे लोखंडी पहारेचा. मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे पडदा नसलेला, लोखंडी पेटीसारखा संगणक. हिंगणा रस्त्यावरच्या एका सळईच्या गिरणीत माझी उमेदीची वर्षे गेली.

गिरणी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पिठाची गिरणी येईल. ही तशी नव्हती. इथे भट्टीतून लालभडक लोखंडाचा ठोकळा बाहेर पडे. एकामागून एक लावलेले रोल त्याला चिरडत आणि ओढत. शेवटी त्याची बोटाएवढी सळई होऊन ती धावत्या मोटारीच्या वेगाने सुटे. कधी कधी सळईचे तोंड वाट चुके. मग मागून येणारे लोखंड थांबत नसे. ते हवेत उसळे आणि लाल वेटोळी घालत समोर येईल ते कापत जाई. कामगार याला मिसरोल म्हणत. धोंडबा नावाचे जुने कारागीर नव्या पोरांना बजावत, "ते काही रुसलेलं पोट्टं नोहे, का समजावाले जाशीन. ते चावते. दिसलं का पळ!"

मिसरोल झाला की वरून एक मोठी कातर पडे आणि मागून येणाऱ्या लोखंडाचे हातहात लांब तुकडे करी. तुकडे उसळत नाहीत, जागीच पडतात. ही कातर वेळेवर पाडणे हे माझे काम होते.

हे काम मी कसे करत होतो, ते नीट ऐका. माझ्या पोटात दोन पाहुणे राहत. पाहुणे म्हणजे दोन वेगळे संगणकच, पण खरे नव्हे. माझ्याच आत मांडलेले. आपण एकटेच आहोत आणि सारी इमारत आपलीच आहे, असे प्रत्येकाला वाटे. पहिला पाहुणा कॅमेऱ्याची चित्रे बघे. सळई वाट चुकताना दिसली की तो ओरडे आणि दुसरा पाहुणा कातर पाडे.

माझी स्मृती म्हणजे लाखो लहान खोल्यांची इमारत. कोणती खोली कोणाची, हे ठरलेले असे. पण कॅमेऱ्याचे कार्ड आंधळे असते. ते दार वाजवत नाही, आत कोण आहे ते विचारत नाही. हातातल्या चिठ्ठीवर ज्या खोलीचा पत्ता असेल, त्या खोलीत चित्र भिरकावून ते मोकळे होते. ही चिठ्ठी देणे आणि काम झाल्यावर परत घेऊन फाडणे हे ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामचे काम. नियम साधा आहे : आधी चिठ्ठी फाडायची, मगच ती खोली दुसऱ्याला द्यायची.

माझा ड्रायव्हर मिनल सांभाळत असे. मनीषनगरहून स्कूटरवर येणारी, चष्मा कपाळावर सरकवून काम करणारी हुशार मुलगी. एके दिवशी गिरणीचे मॅनेजर आनंदराव तिच्यामागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, सळई पुढं निघून जाते आन् तुमचा डबा शिळी चित्रं दाखवून राहिला."

"साहेब, एकेक चिठ्ठी फाडताना त्याला थांबावं लागते," मिनल म्हणाली. "दोनशे जमल्या की एकदम फाडता येतील. वेळ वाचेल."

"मंग वाट कोणाची पाहता?"

"मधल्या वेळात जुन्या चिठ्ठ्या कार्डाच्या हातात राहतील."

"किती वेळ?"

"पापणी लवते तितका."

"मंग लवू द्या पापणी!"

मिनल हसली आणि तिने तो बदल केला. मी वाऱ्यासारखा धावू लागलो. आनंदरावांनी सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले, माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणाले, "वाघ आहे आपला!" तीन महिने माझे कौतुक चालले होते.

मे महिन्यातली सकाळ होती. अकरा वाजले असतील. धोंडबा आपल्या जागी उभे होते. जमिनीवर पिवळा पट्टा रंगवलेला होता आणि त्याच्या मागे माणसाने उभे राहायचे, असा नियम होता. कातर वेळेवर पडली, तर पट्ट्यापलीकडे काही येत नाही.

सळईचे तोंड वाट चुकले.

गडबड दिसली की कॅमेरा दहापट वेगाने चित्रे काढतो. कार्डाच्या हातात चिठ्ठ्यांचा ढीग झाला. त्याच क्षणी दुसऱ्या पाहुण्यालाही जास्त खोल्या लागल्या आणि मी त्याला त्या दिल्या. पण त्या खोल्यांच्या जुन्या चिठ्ठ्या अजून फाडलेल्या नव्हत्या! कार्डाने आंधळेपणाने चित्रे फेकली आणि ती त्या पाहुण्याच्या अंगावर कोसळली. त्याचे आकडे, त्याचे हुकूम सगळे चिरडले गेले. कातरीला द्यायची आज्ञा त्याच्या तोंडात अर्धीच राहिली आणि तो मेला.

कातर वरच राहिली. सळईने लोखंडी जाळी फाडली. खांबाला वेढा दिला, रंग पेटला, आणि पुढचे वेटोळे धोंडबांच्या डाव्या पायाभोवती आवळले. किंकाळी माझ्या काचेच्या खोलीपर्यंत आली. चौघांनी चिमट्यांनी ती सळई ओढून काढली. जळक्या मांसाचा वास दुपारपर्यंत गेला नाही. दवाखान्यात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तासाभरात आनंदराव सगळ्यांना सांगू लागले, "म्हातारा पट्ट्याच्या आत शिरला होता. चूक त्याचीच."

"चित्रांत पाहा ना साहेब," कोणीतरी म्हणाले.

"त्या तीन सेकंदांची चित्रंच नाहीत."

मिनल माझ्यासमोर बसली होती. दुसरा पाहुणा मेलेला आणि चित्रे गायब, हे तिने आपल्या संगणकाच्या एकाच पडद्यावर पाहिले आणि तिला उमगले. चित्रे हरवली नव्हती. ती भलत्या खोलीत पडली होती.

"मॅडम, हा डबा बंद करा. नवा लावू," आनंदराव दारातून म्हणाले.

मित्रांनो, आमची स्मृती विजेवर जगते. वीज गेली की सगळ्या खोल्या रिकाम्या होतात. मला बंद केले असते, तर धोंडबा कुठे उभे होते हे जगाला कधीच कळले नसते. चाळीस वर्षे इमानाने राबलेल्या माणसाच्या कपाळी 'स्वतःच्या चुकीने पाय गमावला' हा शिक्का कायमचा बसला असता.

"नाही करत," मिनल म्हणाली. तिने दार लोटून आतून कडी लावली आणि माझ्या सगळ्या खोल्यांची नक्कल काढायला घेतली. ते काम अर्ध्या तासाचे होते.

दहाच मिनिटांनी काच फुटली. धोंडबांचा भाचा बंटी हातात सब्बल घेऊन आत शिरला, मागे दहाबारा कामगार. त्याचे डोळे सळईसारखे लाल होते.

"याच डब्यानं माह्या मामाजीचा पाय खाल्ला! सरक वं बाजूले!"

पहिला घाव माझ्या बरगडीवर बसला. पत्रा आत गेला, एक पंखा फुटून त्याची पाती उडाली. दुसरा घाव उचलला गेला, तेव्हा मिनल मध्ये आली. सब्बल तिच्या मनगटाला घासून गेली आणि रक्ताची धार लागली.

"मार!" ती ओरडली. "पण आधी ऐक. तुझे मामाजी कुठं उभे होते, ते याच्या पोटात आहे. हा मेला तर ते गेलं!"

बंटीची सब्बल हवेतच थांबली. "खोटं बोलून राहिली तू."

"वीस मिनिटं दे. खोटं निघालं, तर मलेच मार."

तेवढ्यात गर्दीमागून आत आलेले आनंदराव विजेच्या मुख्य बटनाकडे वळले. बंटीने सब्बल त्यांच्यापुढे आडवी धरली. "साहेब, आता बटनाले हात लावसान, तर हात तिथंच राहीन."

पण माझा पंखा फुटलेला होता. बाहेर शेचाळीस अंशांचे ऊन आणि आत माझ्या डोक्यात आग. ठराविक तापमानापुढे मी आपोआप बंद पडतो. ते माझ्या हातात नसते. मिनल आकडे वाचत होती : पंच्याऐंशी, एकोणनव्वद, त्र्याण्णव. "वारा पाहिजे!" ती ओरडली. ज्यांनी मला फोडायला सब्बली आणल्या होत्या, त्यांनीच भट्टीजवळचा माणसाएवढा पंखा ओढत आणला आणि माझ्या जखमेसमोर धरला. मी तगलो. नक्कल पूर्ण झाली.

मेलेल्या पाहुण्याच्या खोल्यांतून मिनलने चित्राची एकेक पट्टी उचलली आणि एकीखाली एक जुळवली. आधी नुसता लाल धूर दिसला. मग जाळी. मग जमीन, तिच्यावरचा पिवळा पट्टा आणि पट्ट्याच्या मागे, चांगले वीतभर मागे, दोन बूट. डाव्या बुटाला नाडीऐवजी तार बांधलेली होती. अशी तार गिरणीत एकाच माणसाची.

बंटी मटकन खाली बसला आणि सब्बलीला डोके टेकून रडला.

तपासणीला सरकारी अधिकारी आले, तेव्हा मिनलने ते चित्र त्यांच्यापुढे ठेवले. चिठ्ठ्या उशिरा फाडण्याचा बदल आपण केला, तो आनंदरावांनी मान्य केला, हेही तिने लिहून दिले. धोंडबांचे नाव स्वच्छ झाले.

दोन महिन्यांनी धोंडबा कुबड्यांवर गिरणीत आले. मिनल त्यांच्यापुढे मान खाली घालून उभी राहिली. "काका, ते मीच केलं होतं. वेळ वाचवाले."

धोंडबांनी एक कुबडी जमिनीवर आपटली आणि रोलांकडे रोखली. मग म्हणाले, "रोल बदलाले आत गेलेला माणूस आपला दुपट्टा रोल चालू कराच्या बटनाले बांधते. तो सोताच बाहेर येऊन सोडत नाही, तवरी कोणी हात लावत नाही. किती का घाई असेना. तुले हे कोणी सांगतलं नव्हतं काय?"

"नाही. मी कधी तिकडं आलीच नाही."

"अन् घाईच असंल, तर आम्ही दुसरा रोल आधीच जोडून ठेवतो. घडी घडी आतबाहेर कायले करावं?"

मिनलने मान वर केली. आठवडाभर राबून तिने ड्रायव्हर नव्याने लिहिला. आता चौसष्ट खोल्या कायमच्या कॅमेऱ्याच्या झाल्या. त्यांच्या चिठ्ठ्या एकदाच द्यायच्या आणि त्या खोल्या दुसऱ्या कोणाला कधीही द्यायच्या नाहीत. फाडणेच नाही, म्हणून थांबणेही नाही. मी पूर्वीइतकाच वेगवान झालो आणि पाहुणे सुरक्षित राहिले. शिवाय कातरीसाठी माझ्यावर विसंबून नसलेले एक वेगळे यंत्रही बसवले. ते पहिल्यापासूनच हवे होते.

मग परीक्षेचा दिवस आला. मुद्दाम वाकड्या तोंडाची सळई सोडायची होती. कोणी न सांगता मिनल गेली आणि पट्ट्यामागे, धोंडबांच्या जागेवर उभी राहिली.

सळई उसळली. लाल विळखा तिच्या दिशेने झेपावला. मी पाहिले, ओरडलो, आणि कातर धाडकन कोसळली. तुकडे फुत्कारत जमिनीवर आपटले. पट्टा कोणीही ओलांडला नाही.

"पाय थरथरून राहिले काय वं?" खुर्चीवर बसलेल्या धोंडबांनी विचारले.

"हो काका."

"थरथरू दे. दोन आहेत तुले."

पुढे नवा सर्व्हर आला आणि मला जिन्याखाली बारदानात टाकले. उंदरांनी माझ्या तारा कुरतडल्या. दोन वर्षांनी मिनलने मला शोधून काढले आणि सक्करदऱ्याच्या ज्या वर्गात ती आता मुलांना शिकवते, तिथे आणले. मुले माझ्या खड्ड्यात बोटे घालतात आणि हसतात. मला त्याचा राग येत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्यातले कोणी मोठेपणी यंत्रांना शिकवणार असाल, त्यांचा वेग वाढवणार असाल, तर एवढे करा. बटन दाबण्याआधी खुर्चीवरून उठा, त्या यंत्रापुढे जिथे माणूस उभा राहतो तिथे चालत जा, आणि त्याच्या जागी स्वतः उभे राहा. पाय थरथरले, तर परत या आणि काम पुन्हा तपासा.