मिठाच्या बरणीशेजारचं बोट

"दात असता तर एव्हाना बसला असता, आणि त्यानं अक्रोड फोडूनही झाले असते," ताई सुईत दोरा ओवता ओवता पुटपुटली. पुटपुटणं स्वतःशीच होतं, पण स्वयंपाकघर एवढं चिमुकलं की तिथे स्वतःशी म्हणून काही बोलायची सोयच नव्हती.

भावानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यानं टेबलावर चार बारीक तुकडे मांडले होते. चांदी, पिवळं सोनं, प्लॅटिनम, आणि दातांच्या कॅपसाठी वापरतात तो पॅलेडियमचा पांढरा मिश्रधातू. वीस वर्षं तो लॅबमध्ये लोकांचे दात घडवत होता. आपल्या साखरपुड्याची अंगठी सोनाराकडून करून आणायची, म्हणजे आपल्याच लग्नात दुसऱ्याचा कोट घालून मिरवायचं, असं त्याचं म्हणणं.

दोन महिने हेच चाललं होतं. चांदी काळी पडते. सोनं मऊ, ओरखडे उठतात. प्लॅटिनम वितळवायचं तर लॅबची भट्टी रडकुंडीला येते. प्रत्येक धातूत काहीतरी खोट निघे, आणि ती बहुतेक वेळा ताईच काढून देई.

मिठाच्या बरणीशेजारी प्लॅस्टरचं एक बोट उभं होतं. होणाऱ्या भावजयीचं. ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढून द्यायची, म्हणून ताई तिला चष्मेवाली म्हणे, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. दाताचा ठसा ज्या लगद्यात घेतात, त्याच लगद्यात भावानं तिचं बोट बुडवून माप घेतलं होतं. मग त्यात प्लॅस्टर ओतलं, आणि वीस वर्षांच्या सवयीनं कामापुरता बुंधा ठेवून वरचं उडवून टाकलं. दाताचं तसंच करतात.

ताई घरबसल्या लोकांचे कपडे दुरुस्त करून देई. घेर, बाही, मुंढा, सगळं नजरेनंच मापणारी बाई. पहिल्याच दिवशी तिच्या अगदी ओठावर आलं होतं, 'अरे शहाण्या, वरचा सांधा कुठे गेला? मनगटाच्या मापाची बाही शिवलीस तर पंजा आत जाणार कसा?' पण तिनं डाळीत मीठ घातलं आणि बरणीचं झाकण लावलं. तोंडाचंही.

त्याला कारण होतं. लग्न ठरल्याचं भावानं सांगितलं, तेव्हा ताईला एवढा आनंद झाला की त्या भरातच ती बोलून गेली, "मग मी आपली मैत्रिणीकडे जाते राहायला. तिची वरची खोली रिकामीच आहे." कुणी विचारलं नव्हतं. बोलून झाल्यावर तो 'काहीतरीच काय' म्हणेल म्हणून ती जरा थांबली. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "तिकडे हवा छान आहे." तेव्हापासून तिघंही त्या हवेचं कौतुक करत होते. एकदा चष्मेवाली विचारून गेली, "शिवणयंत्र खिडकीशीच राहील ना?" लगेच तिनं जीभ चावली, आणि भावानं प्लॅटिनमचा विषय काढला.

अंगठी झाली की तारीख धरायची होती. तारीख धरली की पलंगाखालची ट्रंक बाहेर. म्हणून ताई एकेका धातूला नावं ठेवत होती.

शेवटी पांढऱ्या मिश्रधातूनं बाजी मारली. "पंचवीस वर्षं चावून चावून झिजत नाही," भाऊ म्हणाला. याच्यात काय खोट काढावी, ते ताईला सुचलं नाही.

रविवारी दुपारी चष्मेवाली आली. अंगठी आरशासारखी चकचकीत. बोटात सरसर गेली, आणि सांध्याशी अडली ती अडलीच.

"फिरवून बघ."

"फिरवतेच आहे."

"हात वर धर. रक्त उतरेल."

चष्मेवालीनं वर्गातून बाहेर जायची परवानगी मागावी तसा हात वर धरला. साबण झाला, तेल झालं. टेबल, फरशी आणि भावाची बाही निसरडी झाली. अंगठी तसूभरही पुढे सरकली नाही. भावानं ती काढून प्लॅस्टरच्या बोटावर चढवली.

"इथे तर चपखल बसते," तो केविलवाणेपणानं म्हणाला.

"मग ह्याच्याशीच लग्न कर," चष्मेवाली म्हणाली. "बोलतही नाही, आणि मिठाला जवळ."

तिघंही हसले. ताईनं तर डोळ्यांना पदर लावला.

"थोडी ठोकून नाही वाढणार?" चष्मेवालीनं विचारलं.

"ह्याला ठोकलं तर तडकेल. कडक आहे म्हणून तर घेतला." भावानं पुन्हा ते चार तुकडे मांडले आणि पिवळा पुढे सरकवला. "सोनं वाढवता येतं. उद्या बोटं सुजली, जाड झाली, तरी पुन्हा वाढवता येईल. फक्त ओरखडे उठतील."

"उठू देत. माझ्या हातांवर कमी आहेत का?"

झालं. दोन महिन्यांचं घोडं दोन वाक्यांत गंगेत न्हालं.

"पण आणखी तीन आठवडे तरी जातील," भाऊ ताईकडे न बघता म्हणाला. "तुझी अडचण होईल. मैत्रिणीला तू कळवलंयस ना."

"तिकडे हवा..." चष्मेवालीनं सुरुवात केली. पुढचं तिला म्हणवेना.

ताईनं सुई हातातल्या सदऱ्याला टोचून ठेवली.

"सांधा नाही, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" भावानं आता मान वर केली.

"कशी बोलणार? अंगठी झाली की मला निघावं लागणार होतं." तिनं बरणीशेजारचं ते खुंटीएवढं बोट उचललं, अंगठीसकट मुठीत धरलं. "आणि ती हवा गेली चुलीत. मला नाही जायचं कुठे. मला तुमच्यात राहायचंय."