दोन दिवसांचं औषध

ज्योतीरामनं दारू सोडली त्याला तीन वर्षं झाली होती. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये तो मशीनवर डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बसवायचं काम करायचा. एका सकाळी शिफ्टवरून आला आणि मोरीत रक्ताची उलटी केली. लिव्हर सिरॉसिस, डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवसापासून त्यानं थेंबाला शिवलं नाही. पण लिव्हर काही माघारी आलं नाही.

दीड वर्षापूर्वी नवंच सुरू झालं. दिवसा पेंगायचा, रात्री टक्क जागा. एकदा पेन्शनच्या कागदावर सही करायला बसला तर स्वतःचं नाव लिहिता येईना. दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी त्याला दोन्ही हात पुढं धरून पंजे मागं वळवायला सांगितले, रस्त्यात गाडी अडवतात तसे. पंजे स्थिर राहीनात, झपकन खाली पडायचे नि पुन्हा वर यायचे. मॅडम त्याच्या बायकोकडे, जयमालाकडे वळल्या.

"लिव्हर रक्त साफ करत नाही, म्हणून आतड्यातलं विष मेंदूपर्यंत जातंय. हे पातळ औषध रोज द्यायचं. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे. बद्धकोष्ठ झालं की हे बरळायला लागतील. मग थांबायचं नाही, तडक घेऊन यायचं."

जयमालानं ते शब्द काळजात कोरून ठेवले. रोज सकाळी चहाआधी ती म्हणायची, "अहो, हात दाखवा." तो हसत पंजे पुढं करायचा. मग वीसपासून उलटे आकडे. मोशीतल्या त्या दोन खोल्यांत असं दीड वर्ष निभलं.

विजयश्रीचं लग्न ठरलं तेव्हा जयमालानं व्याह्यांना आजाराचं काही सांगितलं नाही. "पोटाचा त्रास आहे," एवढंच. मुलीला मात्र माहीत होतं की पप्पांचं लिव्हर खराब आहे. डोक्याचं तिलाही पुरतं सांगितलेलं नव्हतं.

हळदीच्या सकाळी जयमाला औषधाचं टोपण भरून घेऊन आली, तर ज्योतीरामनं तिचा हात धरला.

"आजचा नि उद्याचा दिवस नको. घरभर पाव्हणे, एक संडास. आन् उद्या मांडवातून उठून पळू का मी? लेकीचा हात देताना?"

"मॅडम काय म्हणाल्या होत्या?"

"दोन दिवसांनी काय होतंय गं? परवा दुप्पट घेतो. माणसासारखं बसू दे मला, जयमाला."

तीन वर्षांत त्यानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिनं टोपणातलं औषध पुन्हा बाटलीत ओतलं.

लग्नाच्या दिवशी आळंदी रस्त्यावरच्या कार्यालयात तिनं त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली, कारण त्यानं ती एकाआड एक लावली होती. तिनं हळूच म्हटलं, "हात दाखवा." पंजे पडले. एकदा, पुन्हा एकदा. तिनं ते पाहिलं. आनंदानं थरथरत असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि फेटा बांधणाऱ्याला हाक मारली.

अक्षता पडल्या. कन्यादानाला ज्योतीराम पाटावर बसला. गुरुजी म्हणाले, पाणी सोडा. त्यानं तांब्या स्वतःच्याच मांडीवर ओतला आणि हसला. मग विजयश्रीकडे बघत जड जिभेनं विचारलं, "सुपरवायझर कुठं गेला? डाय बसली का?"

लोक हसले, मग एकमेकांकडे बघू लागले. नवऱ्या मुलाची आई, सुमनताई, शेजारीच होत्या. ज्योतीरामच्या तोंडाला गोडसर, कुबट वास येत होता. त्यांनी पदर नाकाला लावला.

"आजच्या दिवशी तरी प्यायची नव्हती हो यांनी."

जयमालानं वीस वर्षं दारूचा वास सोसला होता. हा तो नव्हता. तिनं तोंड उघडलं. पण सत्य सांगायचं तर सगळं सांगावं लागणार होतं, आणि लपवलेला आजार असा भर मांडवात सांगितला तर लेकीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं. तिनं तोंड मिटलं.

विजयश्री मान वर न करता म्हणाली, "मामा, पप्पांना आत न्या. मला दिसायला नकोत ते."

जयमालाचा भाऊ नवनाथ त्याला काखेत धरून आतल्या खोलीत घेऊन गेला, गाद्यांच्या ढिगाऱ्यावर निजवलं, आणि येऊन बायकोसह पाटावर बसला. कन्यादान मामा-मामीनं केलं.

पंगती उठत होत्या तेव्हा जयमाला दोनदा आत डोकावून आली. तो घोरत होता. झोपू दे, तिला वाटलं. असं वाटून घेणं सोपं होतं. लेक गाडीत बसली तेव्हा चार वाजले होते. गाडी वळली तशी जयमाला आत धावली. हलवलं, चिमटे काढले, तोंडावर पाणी मारलं. ज्योतीराम जागा झाला नाही.

लग्नसराईचा रस्ता. पिंपरीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सव्वा तास गेला. मॅडमनी खालून एनिमा दिला, नाकातून नळी घालून औषध सोडलं, पोटात साठलेलं पाणी तपासायला काढलं. पाण्यात जंतू निघाले.

"कधीपासून असे होते?" मॅडमनी विचारलं.

"सकाळपासून," जयमाला म्हणाली. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी विजयश्री आली, हातभर हिरवा चुडा. जयमालानं तिला जिन्यातच गाठलं. "प्यायले नव्हते गं ते. औषध मी थांबवलं होतं. मला मांडवातच कळलं होतं."

विजयश्री कठड्याला धरून उभी राहिली. "कानात सांगायचंस, आई. नुसतं कानात. मी उठले असते."

त्या दुपारी ज्योतीरामनं डोळे उघडले. जयमालाला ओळखलं, लेकीला ओळखलं. मग त्याची नजर चुड्यावर थांबली.

"लग्न झालं?"

"झालं, पप्पा."

"मला कामून आठवंना?"

विजयश्रीनं त्याचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "औषधानं होतं तसं. तुम्हीच केलं की कन्यादान. माझा हात सोडवत नव्हता तुम्हाला."

"रडलो का मी?"

"लई रडलात."

त्याला बरं वाटलं. जयमाला दारात उभी होती. तिला आत जाववलं नाही.

जंतू हटले नाहीत, किडन्या बसल्या. आठव्या दिवशी ज्योतीराम गेला.

भेटायला येणारे सतरंजीवर बसायचे आणि जाता जाता कुणीतरी म्हणायचंच, दारूनं घात केला माणसाचा. दहाव्याला सुमनताई आल्या. त्यांच्या तोंडूनही तेच निघालं तेव्हा जयमाला भरल्या घरात बोलली, "प्यायले नव्हते ते. त्या दिवशी न्हाई, तीन वर्षांत न्हाई. त्यांचं औषध मी बंद केलं. आन् मांडवात मला समजलं तरी मी गप बसले."

सुमनताईंनी मान हलवली, दुःखात बाई काहीही बोलते असं धरून, आणि म्हणाल्या, "असू द्या. गेल्या माणसाचं आता काय काढायचं."

विजयश्री भिंतीला टेकून बसली होती. तिनं आईकडे पाहिलं नाही. पण सासूला म्हणाली, "आई खरं सांगतेय." आणि उठून चहाचं बघायला आत गेली.