आधी जालना की आधी पुणं

दोन दिवसांपासून अक्षता उलटून बोलत नव्हती, आणि हेच बेबीनंदाबाईंना खपत नव्हतं. सकाळी न सांगता भांडी घासून ठेवली. चहा अगोड झाला तरी निमूट प्याली. आजीनं टेंभुर्णीच्या बाजारातून आणलेला पोपटी ड्रेस तर "छान हाय" म्हणून चक्क अंगात घातला! बोलायला लागल्यापासून जिनं आजीच्या एका शब्दाला उलटं उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही, ती नात अशी गरीब गाय व्हावी म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच.

घरच्या पिठाच्या गिरणीत दळण टाकता टाकता त्यांनी लेकाला विचारलं, "तातेराव, पोरीला काय झालं रे?"

"कुठं काय, माय? शहाणी झाली ती."

"तुझी पोरगी? दोन दिवसात?"

तातेराव हसत पोती उचलायला गेला.

अक्षताला सीईटीत असे मार्क पडले होते की पुण्याचं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज मिळण्याजोगं होतं. मुलींची फी सरकार भरणार होतं, पण होस्टेल, मेस, येणं-जाणं हा खर्चा घरचाच. जालन्याचं कॉलेज घरून एसटीनं करता आलं असतं. फॉर्मात कॉलेजं आवडीच्या क्रमानं लावायची, आणि मुदत आज पाचपर्यंत.

तेवढ्यात हायस्कूलचे राजानंद सर दळण घेऊन आले. बेबीनंदाबाईंनी त्यांनाच धरलं.

"सर, त्या यादीत कोणतं कॉलेज देतात हो?"

"वरून बघत येतात, मावशी. पहिल्या नंबरचं लागलं की तेच घ्यावं लागतं. खालची मंग कोणी बघत न्हाई."

"अक्षे! मोबाइल आण. वाच यादी."

अक्षता आली. "एक पुणं, दोन जालना," तिनं घाईघाईनं वाचलं.

एवढ्या जल्दी वाचून दाखवणारी पोर खरं वाचत नसते, हे ओळखायला शाळा लागत नाही. बाईंनी मोबाइल सरांच्या हातात दिला.

सर घुटमळले. "पहिलं जालना हाय, मावशी."

"चुकून झालं, आजी."

"चुकून तुझं काही होत न्हाई. बोल."

"तू चार वर्षांपासून मिरची कांडायची मशीन घेईन म्हणून राह्यलीस. मी पुण्याला गेले तर ती कुठून येणार? जालन्यातबी इंजिनिअरच होतात."

"म्हणजे तुला जालनाच पाहिजे?"

अक्षता पायाच्या अंगठ्यानं पीठ उकरत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "पुणं पाहिजे."

बेबीनंदाबाईंनी खटका ओढून गिरणी बंद केली. रांगेतल्या बाया कावल्या, पण बोलायची कुणाची टाप नव्हती.

"किती वाजले, सर?"

"सव्वातीन. फॉर्म पक्का केलेला न्हाई अजून, बदलता येतो."

बाईंनी नातीचा दंड धरून तिला गव्हाच्या पोत्यावर बसवलं आणि मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला.

"ऐक गं, भवाने. मशीन अजून सालभर दुकानात राह्यली तर तिचं लग्नाचं वय निघून चाललं न्हाई. आन् माझ्यावर दया करून तू तुझं कमी करून घ्यावंस, एवढी म्हातारी मी झाले न्हाई. लाव पुणं वर, बिलकुल माझ्यासमोर. अन् तिथं नापास झालीस तर याद राख, मी येईन!"