बावन्न नंबरची पाटी

मनोरुग्णालयामागच्या दफनभूमीत कुणाच्याच थडग्यावर नाव नाही. घरच्यांना आपलं आडनाव इथे दिसायची लाज वाटायची, म्हणून नुसते नंबर घातलेल्या लोखंडी पाट्या. इथला माळी मीच. गवत कापायचं मशीन आलं आणि त्याचं पातं दर दोन हातांवर पाटीला अडायला लागलं. वीस वर्षांत इथे काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं, म्हणून वैतागून एका दुपारी मी सगळ्या पाट्या उपटल्या आणि शेडमध्ये रचल्या. कुठली कुठून काढली, ते लिहून ठेवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

गेल्या वर्षी एक म्हातारी बाई आली. ऑफिसातून मिळालेली चिठ्ठी तिने माझ्यापुढे धरली. "माझी थोरली बहीण. नंबर बावन्न. कुठे आहे?"

मी शेडमधून बावन्नची पाटी आणली आणि "रंगवायला काढली होती," असं सांगून दिसेल त्या जागी रोवली. ती तिथेच गवतात बसली. "ताई, यायला उशीर झाला गं," म्हणाली, आणि मग दोन तास घरातलं काय काय सांगत राहिली. जाताना माझे हात धरून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून सापडली, भाऊ."



बाकीच्या तीनशे पाट्या अजून शेडमध्येच आहेत. ज्याच्याशी खोटं बोलावं, असंसुद्धा त्यांचं कुणी आलेलं नाही.